मडक्याचा तळ

"नाकात? माझ्या नाकात काय पुरून ठेवलंय गं? फोड येतात पोरांना, आणि काडी माझ्या नाकात?"

"सगळ्यांच्याच नाकात घालतेय, मामी. मान जरा मागं घ्या."

"थांब. आधी सांग, त्या काडीला पुढं कापूस कशाला? आणि नाकातच का? कानात का नाही?"

"तो नाकात राहतो, म्हणून."

"कोण?"

"जंतू."

"तुला दिसतो?"

"दिसत नाही म्हणून तर काडी फिरवायची. आता बोलू नका."

'आता बोलू नका' हे मामीला आजवर पुष्कळांनी सांगून पाहिलं होतं. नर्सबाईचं तिनं ऐकलं, कारण काडी आत गेली होती. पण काडी बाहेर आल्याबरोबर शिंक आली, आणि ती अशी आली की बोळाच्या दुसऱ्या टोकाला चाकावर बसलेल्या धाकट्या लेकाच्या हातून मूठ सुटली आणि चाक गरागरा उलटं फिरलं.

मामी दोर वळायची. घराच्या भिंतीला लागून लांबच्या लांब बोळ होता, त्यातच हा धंदा चाले. एका टोकाला लाकडी चाक, चाकाला लोखंडी आकडे. मामी कमरेला वाखाचा भारा गुंडाळायची, त्यातल्या धाग्यांचा एक झुबका आकड्यात अडकवायची आणि उलट्या पावलांनी मागं मागं सरकायची. पलीकडं चाक फिरे, इकडं तिच्या बोटांतून वाख सुटत जाई आणि त्याला पीळ बसत जाई. लग्न होऊन आली तेव्हापासून ती अशी उलटी चालत होती. पाठीला डोळे नाहीत, म्हणून तोंड चालवायचं: "मागं कोण आहे रे? बादली कुणी ठेवली? का ठेवली? तिथंच का ठेवली?" विचारायची सवय तिला तिथूनच लागली असावी. मग ती बादलीपुरती राहिली नाही. समोरच्या कुलूपवाल्याकडं सकाळी सकाळी कोण आलं, का आलं, हातात पिशवी होती तर जाताना का नव्हती, इथपर्यंत गेली. गल्ली तिला चौकशीमामी म्हणायची. तिला ते माहीत होतं. कुणी ठेवलं हे नाव, एवढंच तिला अजून कळायचं होतं.

पण नर्सबाई घरी यायला कारण झाली ती चिमणी.

चिमणी ही मामीची नात, थोरल्याची लेक. अजून शाळेत न जाणारी. गुडघ्याला खरचटलं, खपली धरली, खपलीशेजारी फोड आला. फोडाचं त्या घरात कुणाला अप्रूप नव्हतं. थोरल्याच्या मांडीला येऊन गेला होता, धाकट्याच्या काखेत येऊन गेला होता, सुनेच्या मानेला तर एक बसला की दुसरा. "आमच्या घराण्यात उष्णता आहे," असं मामी सांगायची, एखादी बाई आमच्या घराण्यात उंची आहे म्हणून सांगते त्या थाटात. फोड आला की बोळातल्या मडक्यातलं बोटभर मेणतेल त्यावर चोळायचं, तो पिकायचा, फुटायचा, विषय संपायचा. चिमणीचा संपला नाही. ताप चढला. पाय टेकवेना. मग ती हाकेला ओ देईना, तेव्हा थोरला तिला तशीच उचलून अनवाणी दवाखान्यात पळाला. डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात उतरलाय, गुडघ्याजवळच्या हाडापर्यंत पोचलाय, आणखी उशीर झाला असता तर... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. एरवी दुसऱ्याच्या वाक्याचं शेपूट धरून ओढणारी मामी त्या वेळी गप्प राहिली.

पोर वाचली. हाताला सुई, सुईला नळी, नळीतून औषध, असं बरेच दिवस चाललं. सून उशाशी बसून होती. बोलायला ती कमी, पण बोलली की गाठ मारल्यासारखं. मामी डबा घेऊन गेली तेव्हा तिनं गाठ मारली.

"अहो आई, एक सांगते, राग मानू नका. हा फोड आपल्या घरात गोल गोल फिरतोय. याच्यावरून त्याच्यावर, त्याच्यावरून माझ्यावर. तो कुठून निघतो ते कळेस्तोवर चिमणी त्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. इथनं सोडलं की मी हिला घेऊन बहिणीकडं जाणार."

"आणि तुझा नवरा?"

"त्याच्या अंगावर नवीन फोड आहे का बघा. मग त्याचं ठरवू."

मामीला राग आला. यायलाच पाहिजे होता. पण वाटेत तो कुठंतरी गळून पडला आणि 'गोल गोल फिरतोय' एवढंच डोक्यात राहिलं. सगळा जन्म चाकापाशी गेलेल्या बाईच्या घरात काहीतरी गोल फिरतंय आणि तिला पत्ता नाही? गल्लीत कुणाची मांजर व्याली ते तिला मांजरीआधी कळायचं. घरी येईपर्यंत तिनं ठरवलं होतं, नात उंबऱ्याच्या आत यायची असेल तर हे शोधलं पाहिजे. आणि शोधलं पाहिजे ते आपणच.

पहिला संशय आला धाकट्याच्या दोस्तांवर. दुसरा सुनेच्या बहिणीवर, कारण नसताना. तिसरा मांजरावर. मांजराला तिनं पकडून उलटं पालटं करून पाहिलं. मांजराला एक फोड नव्हता, मामीच्या हाताला मात्र ओरखडे आले.

मग दवाखान्यानं नर्सबाईला पाठवलं, आणि काड्या फिरल्या. पुन्हा आली तेव्हा नर्सबाई थेट मामीसमोर जाऊन बसली.

"मामी, घरच्या तिघांत तुमच्याच नाकात सापडला. चिमणीच्या अंगात होता, तोच."

"माझ्या? मला तर जन्मात फोड आला नाही!"

"काहींना नाही येत. त्यांच्या नाकात तो गुमान राहतो. त्यांना काही करत नाही."

मामीनं हे चघळलं. "म्हणजे घरजावई म्हण. खातो, पितो, आवाज करत नाही."

"हो. आणि बाहेर पडला की दंगा करतो. जखम दिसली की शिरतो."

"पण माझ्या नाकातनं तिच्या गुडघ्यात गेला कसा? मी काय तिच्या गुडघ्यावर जाऊन शिंकले?"

"तुमच्याकडून तिला गेला की तिच्याकडून तुम्हाला आला, ते काडीला कळत नाही. एवढं खरं, की त्याला स्वतःचे पाय नाहीत. कुणाच्या तरी हातावर बसूनच तो फिरतो. टॉवेलवर, साबणावर, वस्तऱ्यावर उतरतो, तिथनं दुसऱ्याच्या हातावर चढतो."

बातमी समोर जायला वेळ लागला नाही. कुलूपवाला कानशीचा आवाज थांबवून मोठ्यानं म्हणाला, "काय मामी! सगळ्या गल्लीच्या भानगडीत नाक खुपसून झालं, आणि भानगड निघाली नाकातच!"

"तुझं तपासून घे आधी," मामी म्हणाली. "तुझ्यात तर किल्लीसुद्धा मावेल." पण आवाजाला धार नव्हती. त्या दिवशी तिचा दोर कुठं जाड, कुठं बारीक निघाला. थोरल्यानं तो न बोलता उलगडून ठेवला.

मग घरात शिस्त आली. नर्सबाईनं नाकात लावायचं मलम दिलं, अंग धुवायचा औषधी साबण दिला, आणि तिघांनीही एकाच वेळी सगळं करायचं म्हणून बजावलं. एकानं केलं आणि दुसऱ्यानं उद्यावर टाकलं तर जंतू नुसता घर बदलतो. चादरी उकळत्या पाण्यात गेल्या. वस्तरे वेगळे झाले. टॉवेल वेगळे झाले, आणि ते ओळखू यावेत म्हणून मामीनं प्रत्येकाच्या टॉवेलाच्या कोपऱ्याला गाठी मारल्या. थोरल्याला एक, धाकट्याला दोन, आपल्याला तीन. चौथा टॉवेल बिनगाठीचा, सुनेसाठी. पाचवा छोटासा, तो तिनं घडी करून फळीवर ठेवून दिला.

दोराची गाडी बाजारात जाऊन आली. मामीच्या नाकात पुन्हा काडी फिरली आणि या वेळी कोरी निघाली. मामी दवाखान्यात जाऊन सुनेला सांगून आली, "घरजावयाला हाकलला." सून पहिल्यांदा हसली. चिमणी आता भिंत धरून चालत होती.

आणि थोरल्याच्या मनगटाला फोड आला.

लाल, गरम, मधे पिवळं टोक. थोरल्यानं बाही खाली ओढून लपवला. चौकशीमामीच्या घरात बाही खाली ओढणं म्हणजे ढोल बडवण्यासारखं.

"काय आहे ते?"

"काही नाही."

"काही नाही ते दाखव."

थोरल्यानं दाखवलं आणि तो खाली बसला. "हिला कळलं की संपलं, आई. बहिणीनं खोलीसुद्धा रिकामी करून ठेवलीय. आपली चिमणी मावशीच्या घरात मोठी होणार."

"साबण लावलास?"

"लावला."

"मलम?"

"लावलं."

"धाकट्याचा टॉवेल घेतलास?"

"एक गाठ, आई! मला मोजता येतं!"

मग कुठून? मामीनं भिंतीकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं, आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं. स्वतःचे पाय नाहीत. हातावर बसून फिरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कमरेला वाख बांधलाच नाही. बोळात मधोमध पाट टाकला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

धाकटा घाबरला. "आई, बरं वाटत नाही का?"

"मी आज हात बघणार."

"ज्योतिष शिकलीस की काय?"

"तू दोर वळ."

दोर वळायला थोरला लागला, चाकावर धाकटा बसला, आणि मामी बघत राहिली. तोंडाकडं नाही, फक्त हातांकडं. अशानं माणसं अगदी वेगळी दिसायला लागली. पंजे नुसते, आपापल्या मर्जीनं भटकणारे. धाकट्याचा डावा हात रिकामा झाला की कानामागं जायचा. थोरला हनुवटी खाजवायचा, मग वाख ओला करायचा, मग मनगटावरची पट्टी चाचपायचा, मग पुन्हा हनुवटी. समोर कुलूपवाल्यानं किल्ली दातात धरली, काढली, गिऱ्हाइकाला दिली. गिऱ्हाइकानं ती हातात घेऊन त्याच हातानं डोळा चोळला. मामीच्या अंगावर काटा आला, आणि गंमतही वाटली. इतकी वर्षं आपण माणसं कुठं जातात तेच विचारत राहिलो. हात कुठं जातात ते कधी विचारलंच नाही.

पण फोडाची वाट काही सापडेना. हात तोंडाला जात होता तो ज्याचा त्याच्याच. एकाचा हात आणि दुसऱ्याचा हात भेटत होते कुठं? चाकाची मूठ धाकटा धरायचा, वाख थोरला. टॉवेल वेगळे. साबण वेगळा. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तरी मामी तशीच. कंबर धरली होती. वाखाची भुसकट हवेत उडत होती, ती नाकात गेली. मामीनं बोटाच्या मागच्या बाजूनं नाक पुसलं. आणि तिचा हात, काम नसताना, कुणी न सांगता, शेजारी पुढं झाला आणि दोन बोटं मडक्यात बुडवून परत आला.

मामी त्या बोटांकडं बघत राहिली. त्यांवर मेणतेल चकाकत होतं.

हे मडकं बोळाच्या मध्यावर बसलेलं असे. मेण आणि तेल एकत्र कढवून त्यात ओतलेलं. वळलेल्या दोरावरून ते हातानं ओढलं की बाहेर आलेली कुसं खाली बसायची आणि दोर चकचकीत दिसायचा. वाख हाताला चिरतो, कुसं बोटात घुसतात, म्हणून भेगांनाही तेच. फोडालाही तेच. आणि हे मडकं कधी रिकामं झालेलं नव्हतं. मामी लग्न होऊन आली तेव्हा ते भरलेलं होतं. तिच्या सासूच्या लग्नातही ते भरलेलंच होतं म्हणे. खाली जायला लागलं की वरून कोमट मेणतेल ओतायचं. सासूनं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मडक्याचा तळ दिसला की दोर तुटला." त्या घराला दुसरी कुठली प्रतिष्ठा नव्हती, पण हे होतं. बाजारात लोक दोर हातावरून ओढून विचारायचे, "जुन्या मडक्याचा ना?"

मामी आता फक्त मडक्याकडं बघत बसली. थोरला आला, दोन बोटं बुडवली, हाताच्या भेगेत चोळली, पुन्हा बुडवली, दोराला लावली. धाकटा चाकावरून उठला, कान खाजवत आला, बुडवली. थोरला पुन्हा आला, या वेळी पट्टी वर सरकवून फोडाच्या कडेला लावलं, आणि पुन्हा बुडवलं. कुणाचं लक्ष नव्हतं. श्वास घेताना कुणाचं असतं? चिमणीसुद्धा तिथंच खेळायची. बोट बुडवून भिंतीवर चिमण्या काढायची.

"थांबा रे," मामी म्हणाली. "चाक थांबव."

नर्सबाई थोरल्याच्या पट्टीसाठी आली, तेव्हा मडकं मोरीजवळ फडक्याखाली झाकून ठेवलेलं होतं, कैद्यासारखं. मामीचं सगळं ऐकून तिनं फडकं उचललं, वास घेतला, आणि कपाळाला हात लावला.

"मामी, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस काय? टॉवेल, साबण, वस्तरा, चादर. घरातल्या वस्तू विचारल्यास तू. मडकं काय घरातली वस्तू आहे? ते अवजार आहे."

नर्सबाईनं फडकं पुन्हा मडक्यावर टाकलं. मग म्हणाली, "आणि मी त्याला दोन वेळा ओलांडून गेले. एकदा तर साडीला डाग पडला. मला वाटलं, वंगण आहे."

"वंगणच आहे. पोरांचं, दोराचं, फोडाचं, सगळ्याचं."

"थोडं काढून तपासायला पाठवते. पण ऐका. सापडला, तर सापडला. नाही सापडला म्हणजे मडकं सुटलं असं नाही. खालच्या थरात असेल, काडी वर फिरली असेल."

"मग तुझ्या तपासाची वाट कशाला बघू?"

यावरून घरात जुंपली. दोन्ही भाऊ एरवी कधी एका बाजूला नसायचे. त्या दिवशी झाले. थोरला म्हणाला, आजीचं मडकं आहे, दोराची चकाकी त्याच्यावर आहे, बाजारात काय सांगायचं? धाकटा म्हणाला, वरचं वरचं काढून टाकू, खालचं ठेवू, चांगलं मुरलेलं आहे.

"मुरलेलंच तर आहे," मामी म्हणाली. "काय काय मुरलंय ते बघायचंय मला."

"आई, तळ दिसला की दोर तुटतो, तूच सांगायचीस."

"सासू सांगायची. मी नुसतं पुढं ढकललं. का तुटतो ते तिला कधी विचारलं नाही." मामीला हे बोलताना स्वतःचंच नवल वाटलं. सगळ्या गल्लीला 'का' विचारणारी बाई, आणि घरातल्या एका गोष्टीला तिनं तो विचारला नव्हता. "आता सांग, तुला मडकं पाहिजे की चिमणी?"

थोरल्यानं मान खाली घातली. समोरून कुलूपवाला म्हणाला, "सुंभ जळेल, पण मामीचा पीळ जळायचा नाही."

"तू तिथनं काय बोलतोस? इकडं ये आणि मडकं धर. हातात पिशवी घाल आधी."

मडक्याचा तळ दिसणार ही बातमी फुटायला कुलूपवाला पुरेसा होता. बोळाच्या तोंडाशी चार डोकी जमली. मामीच्या सासूनं त्यात अंगठी दडवली होती, अशी कुणीतरी तिथल्या तिथं आठवण काढली. मामीनं हातांवर पिशव्या बांधल्या, उलथनं घेतलं आणि खरवडायला लागली. वरचा थर पिवळा निघाला. त्याच्याखाली तपकिरी. त्याच्याखाली डांबरासारखा काळा, उलथन्याला सोडेना. त्यातून वाखाचे तुकडे निघाले. केस निघाले, काळे आणि पांढरे. झुरळ निघालं, अर्धं. धाकट्याच्या लहानपणच्या सदऱ्याचं बटण निघालं. मग एक छोटी किल्ली निघाली आणि कुलूपवाला ओरडला, "माझी! ही माझी! हिच्यापायी मी याला किती धुतला होता!"

"सांगत होतो ना, मी घेतली नाही!" धाकटा इतक्या वर्षांनी तावातावानं म्हणाला.

"घेतली नाहीस. मडक्यात टाकलीस," मामी म्हणाली आणि पुन्हा उलथनं घातलं.

अगदी तळाशी एक चिंधी होती. गुंडाळलेली, बोटाचा आकार अजून धरून. कुणाच्या तरी फोडावर बांधलेली, मेणतेल घेताना बोटावरून निसटलेली आणि वरून ओतत गेल्यानं खाली खाली गेलेली. थोरल्यानं नकळत आपलं बोट पाहिलं, धाकट्यानं आपलं.

"माझी असेल," थोरला म्हणाला.

"वास घेऊन ओळख पटवायला जाऊ नकोस," मामी म्हणाली. "कुणाची का असेना. सगळ्यांनी अंगाला फासलीय."

मग तिनं मडकं तिरकं करून उजेडाकडं धरलं. तळ होता. साधा, मातीचा, इतर कुठल्याही मडक्यासारखा. तिनं बराच वेळ आत पाहिलं. अंगठी नव्हती याचं तिला वाईट वाटलं नाही, पण इतक्या वर्षांच्या धाकाखाली नुसतीच माती असावी हे तिला जरा फसवल्यासारखं वाटलं. घराच्या मागं, पाण्यापासून लांब खड्डा खणला, आतलं सगळं त्यात गेलं, आणि मडकं तिनं त्यावर स्वतः फोडलं.

नर्सबाईचा निरोप नंतर आला. मेणतेलात तोच जंतू सापडला होता. "हां," मामी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं पुढं काही विचारलं नाही.

मलम आणि साबणाची फेरी पुन्हा झाली, सगळ्यांची एकदम. मामीनं पत्र्याच्या छोट्या डब्या आणल्या. भेगांसाठी ज्याची त्याची डबी, झाकणाखाली गाठ मारलेला दोरा: एक, दोन, तीन. बोट आत नाही. चपट्या काडीनं काढायचं. दोरासाठी वेगळं पातेलं, त्यात लाकडी चमचा आणि कापडाचा बोळा, तो रोज बदलायचा. फोड आला तर झाकायचा आणि नर्सबाईला दाखवायचा, पिकवत बसायचं नाही. धाकट्याचा हात सवयीनं मधेच हवेत जायचा, जिथं मडकं असायचं तिथं, आणि रिकामा परत यायचा. मामी ओरडायची, "भूत शोधतोस काय?" आणि थोड्या वेळानं तिचाही हात तिथंच जायचा.

दोर तुटला नाही. बाजारात एकानं नवा दोर हातावरून ओढला, डोळे मिटले आणि विचारलं, "जुन्या मडक्याचा ना?" थोरला खरं सांगणार होता, पण मामीनं त्याला कोपर मारलं. "हातात काय फरक लागतो ते आधी सांग," ती म्हणाली. त्या माणसानं पुन्हा ओढून पाहिला. फरक नव्हता. "मग मडक्याचं काय घेऊन बसलास?" मामी म्हणाली आणि घरी येईपर्यंत हसत होती.

थोरल्याचं मनगट भरून आलं. गाडी बाजारात जाऊन आली, पुन्हा जाऊन आली, कुणाच्या अंगावर काही उठलं नाही. तेव्हा सून आली. एकटीच, आणि उंबऱ्याबाहेर उभी.

"दाखवा," ती म्हणाली.

मामीनं दाखवलं. सुनेनं टॉवेलाच्या गाठी मोजल्या. डब्या उघडून काड्या बघितल्या. नवऱ्याला दोन्ही बाह्या वर करायला लावल्या. गल्लीसमोर, तो लाजला तरी. मग बोळात येऊन पातेल्यात वाकून पाहिलं.

"तळ दिसतोय की."

"दिसायलाच पाहिजे. रोज घासते."

सुनेनं सासूकडं पाहिलं. मग फळीवरचा घडी केलेला छोटा टॉवेल उचलला, उलटा सुलटा केला. "याला गाठ का नाही?"

"तिची गाठ तिलाच मारायला शिकवीन म्हटलं."

सून टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेली. थोरला मागं धावायला लागला, तशी मामी म्हणाली, "उभा राहा. ती टॉवेल घेऊन गेलीय. माणूस सोडायचं असतं, तर टॉवेल ठेवून गेली असती."

चिमणी आली तेव्हा मामी कामात होती. कमरेला वाख, निम्मा पीळ बसलेला, बोळाच्या मध्याच्याही पुढं आलेली. अर्ध्यात सोडला तर सगळा उलगडतो, म्हणून तिला थांबता येईना. तिनं फक्त मान वळवली. चिमणी आईच्या कडेवरून उतरली, एक पाय जरा जपून टाकत चाकाकडं निघाली.

"ए! हात धुतल्याशिवाय चाकाला हात नाही," मामी ओरडली.

"तू धुतलेस?" चिमणीनं विचारलं.

"धुतले."

"कधी?"

धाकटा चाकावर बसल्या बसल्या फिदीफिदी हसायला लागला. "घ्या. दुसरी चौकशीमामी." चिमणी तोवर मामीच्या मागं मोरीकडं गेली होती.

"मूठ धर नीट, पीळ ढिला पडतोय," मामी म्हणाली, आणि आणखी एक पाऊल मागं सरकली. टाच कशाला तरी लागली. "बादली कुणी ठेवली मागं?"

"मी," चिमणी म्हणाली. "हात धुवायला."

"मग तिथंच का ठेवली?"

उत्तर यायच्या आत मामीनं पायानंच बादली बाजूला सारली, बोटांतून वाख सोडला आणि मागं मागं चालत राहिली.